आजोबांच्या बुलुलसाठी कट्टा

२ जून
संग्रहाच्या खोलीतला मधला कट्टा रिकामा ठेवला. वर दिवा लावून घेतला. भोवती सतरा वस्तू: कोरीव चमचे, विधीची पेटी, दोन ढाली. प्रत्येकीला माझ्या हातचं कार्ड. वस्तू, कोणाची, वय, स्थिती. कट्ट्यावर येणार आजोबांच्या कोठारातली बुलुलची जोडी, भाताची राखण करणारं लाकडी जोडपं, विधीतल्या डुकराच्या रक्ताने काळं पडलेलं. वारस मीच. अख्ख्या बानावे गावात वारशाची काळजी माझ्याइतकी कुणाला आहे? एकट्याने किती करायचं. दमलो.

५ जून
हापाओला आत्याकडे, आजोबांचं कोठार तिथेच. जीपनीच्या बाकावर पाठ आखडली. आत्या म्हणाली, ने की, मी कुठे नाही म्हणते? पण कापणीला ये, भारे वाहा, कोठार भर, बुलुलना तांदळाची दारू पाज, मग बोलू. वर म्हणाली, चाळीस वर्षं येतोच आहेस तू. टोमणे मारायची तिची जुनी खोड. शब्द दिला. कापणी वीसला. बायका कापतात, पुरुषांनी फक्त वाहायचं. एवढंच तर काम.

६ जून, सकाळी ६
व्यायाम सुरू. दहा उठाबशा. (सात.)

१४ जून
व्यायाम राहतोय. कार्डं लिहून पाठ धरली. रोसेंडाने विचारलं, एका कार्डाचं वजन किती भरतं हो? बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१९ जून
बॅग भरली. मलम, टोपी, दुसरं मलम. पहाटे निघायचंच.

२० जून, सकाळी ११
लागावेला कोणीतरी जुनी पेटी विकतोय म्हणे. अशी संधी सोडायची? हेही वारशाचंच काम, आत्या समजून घेईल. रोसेंडा एकटीच हापाओला गेली.
संध्याकाळी: पेटीवाला भेटला नाही.

२१ जून
रोसेंडाचा निरोप. कापून झालं, भारे वाहायला माणूस नाही. कळवलं, पाठ. उद्या नक्की.

२२ जून
ताप असावा. थर्मामीटर नाही म्हणतो. तोही जुना झालाय.

२३ जून
शेजारचा ट्रायसिकलवाला पुगोंग हापाओहून आला. रोसेंडा भारे घेऊन बांधावरून जाताना दिसली म्हणाला. लोक विचारत होते, हिचा नवरा कुठाय? याने सांगितलं, तो संग्रहात ठेवलाय. लाज वाटली. खरंच वाटली. दुपारभर पडून राहिलो.

२५ जून
गेलो शेवटी. कोठार भरलेलं, विधी कालच उरकलेला. आत्याने कोंबडी वाढली, पोटभर जेव म्हणाली. मग म्हणाली, बुलुल कोठाराचे आणि कोठार भरेल त्याचं, तेव्हा आता रोसेंडाचं. रोसेंडाचा खांदा सोलून निघालाय. ती म्हणाली, ते इथेच राहतील, तुमच्या दिव्याखाली त्यांना कोण जेवू घालणार? मी म्हटलं, पण वारस मी. आत्या म्हणाली, आहेस ना बाबा, तुझंही ठेवलंय जपून. घराखालून एक काठी काढून आणली. भारे वाहायची. मी सोळाचा होतो तेव्हा बाबांनी माझ्या उंचीच्या मापाने केलेली, टोकाला सरडा कोरलेला. दर कापणीला तुझा बाप ती दाराशी काढून ठेवायचा, आत्या म्हणाली. मरेपर्यंत.

२६ जून
काठी कट्ट्यावर ठेवली. दिवा बरोबर पडतो. कार्ड लिहायला वेळ लागला.
वस्तू: भारे वाहायची काठी.
कोणाची: माझी.
वय: चाळीस वर्षं.
स्थिती: नवीकोरी.