जुन्या कर्नेलचा पासवर्ड आजच्या आज मिळावा

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
साहाय्यक उपकरणे विभाग (वाटप व दुरुस्ती)

विषय : अपडेटनंतर सुरू न होणाऱ्या लॅपटॉपचा पासवर्ड मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या मदतकक्षाने माझा फोन ब्लॉक केल्याची घटना.

महोदय,

१. घशाच्या शस्त्रक्रियेत माझा आवाज गेला. त्यानंतर आपल्या विभागाने मला लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणारा एक वापरलेला लॅपटॉप दिला. मी टाइप करते, तो बोलतो. आवाज पुरुषी आणि सर्दी झाल्यासारखा आहे, तरी घरात तो माझाच समजला जातो. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आईला दिसत नाही. म्हणजे मला बोलता येत नाही आणि मी लिहिलेले तिला वाचता येत नाही. लॅपटॉप मिळाला तो याच कारणासाठी.

२. गेल्या आठवड्यात आपला तंत्रज्ञ घरी आला. "ताई, अपडेट मारून देतो, नुसता पळेल बघा," असे म्हणून त्याने काम सुरू केले आणि लॅपटॉप पुन्हा चालू होण्याआधीच चपला घातल्या. "आता होईलच चालू," हे त्याचे जिन्यातले शब्द. तो चालू झालाच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात, शेवटी 'कर्नेल पॅनिक' असे येते आणि सारे तिथेच थांबते. आपल्या तंत्रज्ञाने अहवालात 'काम पूर्ण' असे लिहिले आहे. ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

३. मी शिवणकाम करते. मशीन अडले की दोरा कुठे गुंतला ते आधी बघायचे, एवढी अक्कल मला आहे. वाचनालयाच्या संगणकावर बसून मी शोध घेतला. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. माझ्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीच्या फायलींसाठी ठेवलेली जागा तोकडी आहे. जुन्या फायलींनी ती भरली होती, म्हणून नव्या कर्नेलची सोबतची फाइल अर्धवटच लिहिली गेली. जुना कर्नेल मात्र शाबूत आहे. लॅपटॉप लावताना एस्केपचे बटण दाबले की मेन्यू येतो, त्यात त्याची ओळ दिसते. ती निवडली की पासवर्ड मागतो. लाभार्थ्यांनी छेडछाड करू नये म्हणून आपणच हे कुलूप घातलेत. छेडछाड आपल्या माणसाने केली आणि कुलूप मला!

४. आपला मदतकक्ष तक्रार फक्त फोनवर, तोंडी घेतो. ज्यांना बोलता येत नाही त्यांना उपकरणे देणाऱ्या विभागाचा हा मदतकक्ष आहे, हे आपण कृपया एकदा शांतपणे लक्षात घ्यावे. मी फोन केला. "हॅलो, बोला की! तोंडात काय मिठाची गुळणी धरली आहे का?" मी कात्रीने फोनवर टकटक केली. "चेष्टा करता होय?" म्हणून फोन आपटला गेला. पुन्हा केला, तर क्रमांकच ब्लॉक झाला. ईमेल पाठवला. उत्तर आले, 'कृपया फोन करावा.' शेजारणीने तिच्या फोनवरून विचारले, तर "लाभार्थ्याला स्वतः बोलू द्या," असे तिला ऐकवण्यात आले.

५. प्रत्यक्ष आले तेव्हा आपल्या वरिष्ठ लिपिकांनी हात झटकले. लॅपटॉप जुना आहे, फॉरमॅट करून घ्या, नाहीतर नव्यासाठी अर्ज करा, असे ते म्हणाले. नव्यासाठी तोंडी मुलाखत असते. फॉरमॅट केल्यास मी साठवलेली सगळी वाक्ये पुसली जातील, हाका, दटावण्या, सगळे. फॉरमॅटला माझा साफ नकार आहे.

६. सध्या शेजारीण माझ्या चिठ्ठ्या आईला वाचून दाखवते. बाई भली आहे, पण तिचे तोंड गोड आहे. मी लिहिते, 'गोळी घे, नाटकं करू नकोस.' ती वाचते, 'आई, गोळी घ्या हं.' आई लगेच ओळखते. "ही माझी लेक नव्हे. माझी लेक अशी बोलत नाही," म्हणते आणि तोंड फिरवते. तंत्रज्ञ आला त्याच सकाळी, तो येण्याआधी, आई एकटीच अंघोळीला गेली, घसरली, नळ धरला म्हणून वाचली. मी रागाच्या भरात टाइप केले होते, 'आता मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही.' लॅपटॉपचे हे शेवटचे वाक्य. मशीन बिघडले आहे हे आईला पटत नाही. मी हात धरला तर ती सोडवून घेते. रोज विचारते, "बोल ना गं, एवढं काय चुकलं माझं?" दोन दिवस झाले, ती धड जेवलेली नाही.

७. सबब, मला नवा लॅपटॉप नको, मुलाखत नको, दिलगिरी तर मुळीच नको. पासवर्डची एक ओळ कागदावर लिहून द्यावी. ती मिळेपर्यंत मी आपल्या दारातून हलणार नाही. पासवर्ड शोधायला वेळ लागणार असेल, तर आधी आपल्या केबिनचे दार उघडे ठेवून सोबतचा मजकूर मोठ्याने वाचावा. आपला आवाज खणखणीत आहे, मघाशी शिपायावर ओरडलात तेव्हा बाहेर ऐकू आला. मजकुरात एक शब्दही गोड करू नये.

आपली, आतापर्यंत नम्र राहिलेली,
(सही)
अर्जदार
सोमवार, कार्यालय उघडल्यावर लगेच

सोबत :
१) लॅपटॉप, चार्जरसह.
२) आई. बाहेरच्या बाकावर बसली आहे.
३) मोठ्याने वाचण्याचा मजकूर :

"आई, मी आहे. आवाज साहेबांचा आहे, बोलणं माझं. मी अबोला धरलेला नाही, मशीन खरंच बंद पडलंय. त्या दिवशी चिडले, कारण तू पडली असतीस तर मला कुणाला हाकसुद्धा मारता आली नसती. मी घाबरले होते गं. तुझं काही चुकलं नाही. एकटी अंघोळीला गेलीस, तेवढं चुकलंच. आता घरी जाऊन जेव, गोळी घे, नाटकं करू नकोस. आणि साहेबांचं वाचून झालं की त्यांना तूच सांग, पासवर्ड द्या म्हणावं. तुला बोलता येतं."