बंद गोदामाकडचा मार्ग

सोमवार, ४ मार्च

लागली बाबा एकदाची नोकरी! पाच कचेऱ्यांचं नेटवर्क आता माझ्या ताब्यात. ताईच्या वशिल्यानं लागली असं लोक म्हणतील, म्हणोत बापडे. ती तीन नंबरच्या कचेरीत आवक-जावक बघते. माझी खोली मुख्य कचेरीत. थंडगार, चहा फुकट, खुर्ची तेवढी कुरकुरते.

काम सरळ आहे. कुठे जायला कोणता मार्ग, ते प्रत्येक कचेरीतला राउटर शेजारच्या कचेरीतल्या राउटरला सांगतो. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, ते फिल्टर ठरवतो. आधीच्या माणसानं त्यात नुसता पसारा घालून ठेवलाय.

बुधवार, ६ मार्च

पसारा आवरला. फिल्टरमधली एक ओळ तर भलतीच होती. बंद गोदामाकडून आलेला मार्ग घेऊ नये, आणि शेजारी शेरा, मेलो तरी काढू नका. अहो, गोदाम जळून अकरा वर्षं झाली, तिथून मार्ग सांगणार कोण, उंदीर? काढून टाकली. शिवाय प्रत्येक कचेरीला बॅकअप दिला. एक वाट तुटली की तीन सेकंदांत दुसरी चालू. ताईला फोन करून फुशारकी मारली, तर म्हणाली, फार शहाणपणा करू नकोस.

गुरुवार, ७ मार्च

गोदामाकडून मार्ग आलाय. तिथे तर वीजही नाही.

एक नंबरच्या कचेरीचा पहारेकरी सकाळी मेलेला सापडला. दोन्ही हात खांद्यातून उपटलेले. राउटरचं कपाट आतून फोडलेलं होतं. सांगता सांगता साहेबांना उलटी झाली.

शुक्रवार, ८ मार्च, दुपारी १

आता दोन नंबर. भरदिवसा. टायपिस्टचा जबडा नाही. शिपाई भिंतीवर आपटून आपटून — ओळखता येत नाही म्हणे.

एक, मग दोन. गोदामातून जे आलंय ते माझ्या मार्गानं चाललंय. तीन माणसं माझ्यामुळे मेली. पुढे ताई.

१:१५

ओळ परत घातली. उपयोग काय, चोर आत आल्यावर कडी लावून? दोन-तीनमधली वाट तोडली. तीन सेकंदांत बॅकअप चालू झाला, चार नंबरवरून. माझ्याच हातचा.

१:२५

ताईचा फोन. कपाट धडधडतंय. दाराला लागूनच आहे, बाहेर पडता येत नाही म्हणते. तिनं विजेची तार ओढली तरी राउटरचे दिवे चालूच —

१:३१

जवळची वाट दिसली की ते तीच धरतं. म्हणून माझी खोलीच सगळ्यांत जवळ, असं सगळ्या राउटरना कळवलं. मजला रिकामा करवलाय. ते इथे आलं की शेवटची वाट तोडायची, बॅकअपसकट. तोवर हलता येत नाही. फार भीती वाटतेय.

१:३६

ताईचा फोन. आवाज थांबला म्हणाली. रडत होती. घरी ये, एकत्र जेवू म्हणाली. तू हो पुढे, आलोच म्हटलं.

१:३८

इथल्या कपाटाच्या बिजागऱ्या वाकल्या — आलं —

तोडली. आता कुठेच वाट नाही. त्याला कळलंय. माझा हात —

ताई, मला शोधायला इकडे येऊ न