कावळ्याने आणलेले पाहुणे

३ नोव्हेंबर
आले एकदाची! तिसऱ्या मजल्यावरची खोली लहान, पण खिडकी ऐसपैस. वाचनालयातलं कामही आवडीचं: मुलांसाठी पक्ष्यांच्या कविता निवडायच्या. कवींना मोर-पोपटांचं कौतुक. कावळा मात्र जिथेतिथे मरणाचा निरोप्या. शाळेतल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, आधी पक्षी बघा, मग कवी वाचा. म्हणून खिडकीतल्या कावळ्याला नीट पाहिलं. मान राखाडी, पंखांवर निळी झाक, नजर शहाणी. पावाचा तुकडा ठेवला. लेकीला भरवताना म्हणायचे तसंच म्हटलं, एक घास काऊचा. आता घरात दुसरं खाणारं कोण?

९ नोव्हेंबर
खालचे शिंपीकाका पाय ओढत चालतात, जीभ मात्र धावते. लेकीच्या पिवळ्या स्वेटरचं बटण मी निळ्या दोऱ्याने शिवलं होतं, हे ऐकून म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळेच आमचं दुकान चालतं. ती अजून तेच बटण मिरवते. फोन मात्र करत नाही. रविवार खायला उठला. कावळ्याला म्हटलं, "नुसता ओरडतोस काय? एखादा पाहुणा घेऊन ये की."

११ नोव्हेंबर
सकाळी कावळ्याने खिडकीत शिंपीकाकांचं अंगुस्तान आणून टाकलं. सुई टोचू नये म्हणून ते बोटात घालतात, तेच. हसू आलं. चोरटा! संध्याकाळी नेऊन देईन.

१२ नोव्हेंबर
शिंपीकाका गेले. काल दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या. अंगुस्तान माझ्याकडेच राहिलं.

१४ नोव्हेंबर
भर दुपारी कावळा ओरडला. मागोमाग जिन्यावरून कुणीतरी पाय ओढत वर आलं. दारावर टकटक. मी उघडलं नाही. बराच वेळ बाहेर कुणीतरी— पावलं उतरली तेव्हा टेबलावर अंगुस्तान नव्हतं.

१५ नोव्हेंबर
खिडकी बंद. घास बंद. काचेवर चोच— दिवसभर.

१७ नोव्हेंबर
लेकीचा फोन. उद्या दुपारी येतेय, तोच पिवळा स्वेटर घालून. किती हसली. नको येऊस म्हणणार होते— ये म्हणून बसले. इतक्या दिवसांनी—

१८ नोव्हेंबर
काचेबाहेर, कठड्यावर— पिवळं बटण. निळा दोरा.

फोन लागत नाही. वाटेत तुटलं असेल. माझी शिवण कच्चीच, काकासुद्धा तेच—

कावळा ओरडला.

जिन्यावर पावलं. हलकी. तिचीच.

"आई, दार उघड ना."

आवाज तिचाच. पण काकांची पावलंही त्यांचीच होती—

नसली तरी माझीच ना. एवढ्या लांबून आली. उपाशी असेल. उघडते, बाळा, उघड