वळतानाची कटकट

मंगळवार, संध्याकाळ

गेल्या आठवड्यात आमच्या गॅरेजात आलेली हैदराबादच्या साहेबांची स्पोर्ट्स कार गेअर घेत नव्हती. गेअरबॉक्सचं हायड्रॉलिक तेल गळून गेलेलं. गळती काढली, तेल भरलं, गेअर पडायला लागले. तिथंच थांबायचं. पण कुणी न सांगता मी मागच्या डिफरेन्शियलचंही, म्हणजे वळताना मागची दोन चाकं कमी-जास्त वेगानं फिरू देणाऱ्या पेटीचंही, तेल बदललं. घातलं ट्रॅक्टरचं.

आज साहेबांचा फोन. "वळताना मागून कटकट येते. तुमच्या हळ्ळीखेडच्या रस्त्यानं वाट लावली."

मी "व्हय" म्हणून मोकळा. कामून म्हणालो?

वडील ट्रॅक्टरखाली होते, सगळं ऐकत. "गेअर नीट झाला हुता. मागं हात कामून घातलास?"

कटकट फक्त वळताना. सरळ जाताना न्हाई. म्हणजे मी घातलेलं तेलच.

परत फोन लावला.

"साहेब, आमचा रस्ता चांगला हाय. मागं तेल मीच चुकीचं घातलं," म्हणालो.