पावसाच्या एकतीस वह्यांची व्यवस्था

मी, उकंडराव पुंजाजी गावंडे, वय सहासष्ट, पेन्शनर कारकून, राहणार मौजे मेडशी, जिल्हा अकोला, लिहून ठेवतो की, दम्याने छाती धरली असली तरी डोके जागेवर आहे. हा मजकूर कोणी माझ्याकडून वदवून घेतलेला नाही.

घर व सात एकर शेत मुलगा नानाजी याचे. त्यात वाद नाही.

पावसाच्या एकतीस वह्या मात्र नानाजीच्या नाहीत. आधी कचेरीच्या आवारातल्या व पेन्शनीनंतर अंगणात रोवलेल्या पर्जन्यमापकातले पाणी मी रोज सकाळी आठला मोजले. शेजारच्या रकान्यात हवामानपत्रकांतून उतरवलेला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हवेचा दाब आहे. चैत्र-वैशाखात तिकडे दाब चढा, त्या साली इकडे पाऊस बहुधा बरा, असे मला दिसले. वरच्या कचेरीला नऊ पत्रे लिहिली. उत्तर एकाचेच आले : ‘टपाल पावले.’ नानाजी म्हणे, “बाबा, समिंदर कुठी अन् मेडशी कुठी? कायले डोळे फोडून राह्यले?”

माझी छत्री उदयसिंग कारकुनास द्यावी. १९२१ साली मी विषमज्वराने पडलो, तेव्हा दीड महिना मोजणी त्याच्याकडे होती. तेच साल माझ्या अंदाजाशी सर्वांत नेमके जुळले. चार वर्षे मी ते मिरवले. मग पोहरादेवीच्या यात्रेत तो भेटला. म्हणाला, “खोटं कायले बोलू, उकंडरावजी? पावसात मी गेलोच नाई. बसल्या जागी आकडे लिवले.” घरी येऊन ते साल मी तांबड्या शाईने खोडले. क्षमा मी आजही केलेली नाही. पण खरे सांगितले, म्हणून छत्री. पुढे भिजण्याची सबब नको.

वह्या मुलगी तुळसाबाई हिला द्याव्या. विधवा होऊन घरी आल्यापासून आकडे तीच वाचून दाखवते. एकदा तिने विचारले, “बाबा, दाब कमी अन् पाऊस जास्त, असं साल आलं तं?” इतक्या वर्षांत हे विचारणारी ती एकटीच.

यंदाचा अंदाज लाखेने बंद करून तिच्याकडे दिला आहे. मी असो वा नसो, दिवाळीनंतर उघडावा. चुकला असल्यास ‘चुकला’ असे तिने स्वतःच्या अक्षरात लिहावे. बापाची अब्रू राखण्यासाठी पाव इंचही इकडचा तिकडे करू नये.

मेडशी, ता. २८ मे १९३८
सही : उकंडराव पुंजाजी गावंडे

आमच्यासमक्ष वाचून सही केली :
१. दौलतराव सखाराम घुगे, सही
२. हेमसिंग रूपला राठोड, निशाणी अंगठा