गाळा नूरबानूला, उत्तर अख्तरबानूला

मी, मुनव्वर इमाम मन्सुरी, वय ७३, धंदा गाद्या भरणे, राहणार भवानी पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणणारे येऊन गेले. चहा पिऊन गेले.

१. राहती खोली थोरला मुलगा शमशुद्दीन यास. तो हिंजवडीत नोकरीला आहे, या खोलीत त्याला तासभरही बसवत नाही. तरी हक्क तो हक्क.

२. धंद्याचा गाळा माझा मयत धाकटा मुलगा शकील याची मुलगी नूरबानू, वय ८, हिला. बाप आजोबांच्या आधी गेला आणि चुलता हयात असला, तर आमच्या कायद्यात नातीला वारसा नाही. हे शमशुद्दीनने मला भावाच्या चाळिसाव्या दिवशीच ऐकवले. पण मालमत्तेचा तिसरा हिस्सा वारस नसलेल्यालाही मृत्युपत्राने देता येतो, आणि गाळा त्यात बसतो. एवढा नियम त्याच्या वाचनातून सुटला असावा. नूरबानू सज्ञान होईपर्यंत गाळा तिची आई मेहरुन सांभाळील. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला तो विकू नये, भाड्यानेही देऊ नये.

३. कापूस पिंजायचे पिंजण, दाभण, कात्री मेहरुनला. या घरात सुया पिढ्यान्‌पिढ्या होत्या, पण गाद्यांसाठी. फोमच्या गाद्या आल्या आणि शकील कात्रजपलीकडच्या गोदामात पोती उचलायला लागला. एक खाडा झाला की नाव कमी. पाठ धरली की मुकादम चहाबरोबर गोळी वाटायचा. पुढे तीच गोळी औषधवाला चिठ्ठीशिवाय देई, मग इंजेक्शन. लोक त्याला नशेबाज म्हणाले. मुकादमाला कुणी काही म्हणाले नाही.

४. आता माझी चूक. आमच्या मोहल्ल्यात मयताला गुस्ल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, मी घालत आलो. अंगावर काही वावगे दिसले तर गुस्ल देणाऱ्याने ते झाकावे, हा दंडक. चार वर्षांत त्याच गोदामातल्या सहा तरुण पोरांच्या हातांवर मी सुईच्या खुणा पाहिल्या. पहिला मुलगा अख्तरबानूचा. तिने मला दारातच विचारले, "चाचा, माझ्या पोराला नेमकं काय झालं होतं?" मी म्हणालो, "अल्लाची मर्जी." त्या दिवशी पाणी शकील ओतत होता. खुणा त्यानेही पाहिल्या, आणि बाप पाहूनही बोलत नाही हेही पाहिले. सातवे गुस्ल मी त्यालाच दिले. शमशुद्दीनने बाहेर "अटॅक" सांगितले आणि मी मान हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

मयताचा दोष झाकावा, हे मला मान्य आहे. पण तो दोष पोरांचा नव्हता. आम्ही मुकादमाचा आणि औषधवाल्याचा दोष झाकत होतो, तोही फुकट.

५. जनाज्याच्या वेळी, "मयताकडे कुणाचं काही देणं असेल तर सांगा," असे विचारतात. माझ्याकडे अख्तरबानूचे एक उत्तर देणे होते. त्यासाठी मरणाची वाट न पाहता मी गेल्या शुक्रवारी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "चाचा, मला ठाऊक होतं. तुम्ही कधी बोलता, तेच बघत होते."

तरीही माझ्या जनाज्यात नमाजाआधी कलम ३ आणि ४ मोठ्याने वाचावीत. वाचणार शमशुद्दीन. तो तयार नसेल तर, बायका जनाज्याबरोबर जात नाहीत म्हणून, मेहरुनने ती जनाजा निघण्याआधीच घराच्या दारात वाचावीत. कुणाला लाज वाटली तर त्याने खाली बघावे, वाचन थांबवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

पुणे, ९ डिसेंबर २०२३

सही: मुनव्वर इमाम मन्सुरी

साक्षीदार १: ॲड. हेमा दत्तोबा शितोळे. लिहिणारे शुद्धीवर आहेत, याची खात्री केली.

साक्षीदार २: मच्छिंद्र गेनबा जाधव, हमाल. सही माझ्यासमोर झाली. माझा मुलगा सोनबा, गेला तेव्हा वय २४, त्याच गोदामात होता. अटॅक नव्हता. मी पण खोटं सांगितलं होतं.