ब्रोचला लावली तीट

३ नोव्हेंबर, सोमवार

तिसरं डिझाइनही नापास! माझी गिऱ्हाईक अलिना गोड हसते आणि नाही म्हणते – त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. ती आइल ऑफ मॅन बेटावरची. तिच्या गावच्या जुन्या दगडी क्रुसावर नॉर्स लोकांच्या साखळ्या नि केल्टिक गाठी एकात एक कोरल्यात. तसा चांदीचा ब्रोच हवाय. नक्कल नको, आणि रेघ कुठेही तुटायला नको! कशासाठी, ते काही सांगत नाही.

आखातातल्या ह्या दागिन्यांच्या दुकानातली माझी ट्रायल पंधराला संपते. विजयकुमार सर म्हणाले, "ये ऑर्डर पास, तो कंपनी का व्हिसा." नाहीतर अठरा वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी गेली. मग परत दिवसभर अल नहदाचा फ्लॅट आणि मी!

५ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद केला. रांगोळीचा डबा काढून हॉलच्या फरशीवरच बसले. सात ते एक ठिपके. वळसे घालत गेले... रेघ फिरून आपल्या जागी आली की! लेक म्हणते, "मम्मा, इट्स लाइक अ मेझ." मेझ काय, रांगोळी आहे बये!

६ नोव्हेंबर

अलिनाने अख्खी रेघ बोटाने फिरवून पाहिली. पास!!

११ नोव्हेंबर

ब्रोच तयार. आमचे कारागीर गुणवंतदादा हुपरीचे, चांदीत हात बसलेला. इतका देखणा झालाय की माझीच दृष्ट लागायची! मागच्या बाजूला काळ्या मीन्याचा एक ठिपका लावून घेतला. तीट.

"वैनी, साहेबांना विचारलंत का?" – दादा.

त्यात विचारायचं काय!

१२ नोव्हेंबर

मूर्ख बाई मी! अलिनाने ब्रोच उलटवला. "व्हॉट्स धिस?" सरांचा चेहरा पडला. मी अडखळत सांगितलं – आमच्याकडे बाळाला काजळाचा ठिपका लावतात, कुणाची नजर लागू नये म्हणून. ती एकदम मागे सरकली. ब्रोच टेबलावर ठेवून, फोन करते म्हणाली आणि गेलीच.

सर म्हणाले, "खलास! निकालो वो दाग." दादांनी घासून काढला. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

१५ नोव्हेंबर

अलिना आली. ब्रोच उलटवला. "व्हेअर इज माय डॉट?"

तिला मे महिन्यात बाळ होणार आहे, ब्रोच त्याच्यासाठीच! अजून आईलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि ह्या बाईला, म्हणजे मला, कसं कळलं, म्हणून त्या दिवशी घाबरून पळाली होती!

सर मला म्हणाले, "साधनाजी, यल्ला, जल्दी डॉट लगवाओ. और सोमवार को पासपोर्ट लेके आना."